घरच्या घरी गिटार: उजवा हात थांबवू नका, बाकीचं जमतं

आमच्याकडे गिटार आली ती मुलासाठी. सातवीत होता, मित्राने घेतली म्हणून ह्यालाही पाहिजे, दोन आठवडे टिंगटिंग झाली, मग क्रिकेट सुरू झालं आणि गिटार कव्हरसकट कपाटावर गेली. वर्षभराने दिवाळीच्या साफसफाईत मी ती खाली काढली. वय ३६, संगीताचं भांडवल म्हणजे लहानपणी दोन वर्षं शिकलेली पेटी, तीही अर्धवट. म्हटलं बघूया तर.

आता तीन वर्षं होतील. क्लास लावलेला नाही. स्टेजवर वाजवत नाही आणि लीडबिड येत नाही, पण घरात कुणी गायला लागलं, ट्रिपला रात्री मैफल जमली, सोसायटीत आरती असली की मागे बसून साथ करता येते आणि मला तेवढंच हवं होतं. हे लिहितेय ते तेवढंच हवं असणाऱ्यांसाठी. ज्यांना सोलो, फिंगरस्टाइल वगैरे करायचंय त्यांनी पहिले दोन-तीन महिने हेच करा, मग आपापल्या वाटेने जा.

आधी गिटार तपासा, बोटांना नंतर शिव्या द्या

मी पहिले तीन आठवडे जे सोसलं ते आठवलं तरी बोटं ठणकतात. तारा दाबल्या जायच्या नाहीत, दाबल्या तर आवाज मेल्यासारखा यायचा, आणि मी धरून चालले की माझे हात लहान, वय झालं, हे आपलं काम नाही. एकदा सहज मुलाच्या कंपासमधली पट्टी लावून बघितली तर बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) जाड तार फ्रेटपासून जवळजवळ ४ मिलिमीटर वर. ह्याला अ‍ॅक्शन म्हणतात. नव्याने शिकणाऱ्याला जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास असेल तर बरं, साडेतीनच्या वर गेलं की वाजवणं म्हणजे शिक्षा.

मी सांगलीची, मिरज दहा-बारा किलोमीटरवर. ज्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं तिथल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत मी एक स्वस्तातली फॅक्टरी गिटार घेऊन गेले आणि खरं सांगते, लाज वाटत होती. एका दुकानात चाचा तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले. गिटार मांडीवर घेतली, एक डोळा मिटून मानेवरून आरपार बघितलं, अंगठ्याने एक तार दाबली आणि म्हणाले, "ताई, हिच्यावर वाजवत होता तुम्ही? मी पण नसतो वाजवलं." मग तारा ढिल्या केल्या, ब्रिजवरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, उपसून काढली, पेन्सिलने रेघ मारली आणि सपाट लाकडावर पॉलिशपेपर ठेवून तिचा तळ घासायला लागले. मधेमधे थांबून बोटाने चाचपून बघायचे. वीसेक मिनिटं लागली. घरी येऊन ई मायनर हा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा एक गुच्छ, धरला आणि पहिल्यांदा सहाच्या सहा तारा वाजल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना ऐकवला.

तुम्ही स्वतः करणार असाल तर एक हिशोब लक्षात ठेवा: सॅडल जितकी घासाल त्याच्या निम्मी अ‍ॅक्शन बाराव्या फ्रेटवर कमी होते. म्हणजे १ मिलिमीटर खाली आणायचं तर २ मिलिमीटर घासायला लागतं. घासायचं ते तळाकडून, वरची गोलाई जशीच्या तशी ठेवायची, आणि थोडं घासून तारा लावून बघायचं, परत काढायचं, परत घासायचं. जास्त घासली गेली तर नवी सॅडल घ्यावी लागते, ती काही फार महाग नसते. मानेतला लोखंडी रॉड मात्र पहिल्या वर्षी फिरवू नका, ते जाणकाराकडून.

नवीनच घेणार असाल तर स्टील तारांची अ‍ॅकूस्टिक घ्या, पाच ते दहा हजारात शिकण्यापुरती चांगली मिळते. यामाहाची एफ ३१० वर्षानुवर्षं लोक पहिली गिटार म्हणून घेतायत आणि त्यात वाईट काही नाही. नायलॉनच्या तारांची क्लासिकल बोटांना मऊ असते पण मान रुंद असते, लहान हातांना कॉर्ड धरताना अडचण होते. पिकअप (स्पीकरला जोडायची सोय), कटअवे (अंगाला मानेजवळ दिलेली खाच), चमकता रंग ह्यासाठी जादा पैसे देऊ नका. दुकानात जाताना स्टीलची पट्टी घेऊन जा, दुकानदार हसला तर हसू दे. बाराव्या फ्रेटचं अंतर मोजा, मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवून बघा, कुठे झणझण येतेय का, आणि खुंट्या फिरवताना अडकतायत का किंवा फार सैल आहेत का ते बघा. ऑनलाइन स्वस्तात मिळते ती ३८ इंची कॉम्बो ऑफर, बेल्ट-पिक-बॅग-पुस्तक सगळं फ्री, तिच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. आमची तीच होती.

तारा .०१० किंवा .०११ च्या सेटच्या लावा (हा आकडा म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचात). कंपनीने लावलेल्या बहुतेक वेळा .०१२ असतात, जाड, सुरुवातीला कशाला उगाच.

ट्युनिंग

सगळ्यात बारीक तार पहिली, सगळ्यात जाड सहावी. जाडीकडून बारीककडे: ई, ए, डी, जी, बी, ई. मोबाइलवर फुकट ट्यूनर अ‍ॅप भरपूर आहेत, गिटारट्यूना घ्या नाहीतर कुठलंही.

पेटी किंवा गाणं थोडंफार शिकला असाल तर ट्युनिंग कानाने समजून घ्यायला एक सोपी गोष्ट आहे जी मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितली नाही. जाड तारेला सा म्हणा, तर तिच्या खालची तार तिचा शुद्ध मध्यम आहे. मग त्या तारेला सा म्हणा, पुढची परत तिचा म. असं सा-म, सा-म करत जा, फक्त तिसऱ्या तारेवरून दुसरीवर जाताना सा-ग आहे, शुद्ध गंधार, आणि मग परत सा-म. म्हणूनच सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की पाचव्या खुल्या तारेचा सूर मिळतो, आणि तिसरी मात्र चौथ्या फ्रेटवर दाबावी लागते. अ‍ॅपने लावा आणि मग असं गुणगुणून तपासा, महिन्याभरात कान तयार होतो.

खुंटी फिरवताना सूर नेहमी खालून वर आणायचा, वर गेला असेल तर आधी उतरवून परत चढवायचा, नाहीतर तार दोन मिनिटांत परत उतरते. आणि खुंटी कुठली फिरवताय ते डोळ्यांनी बघा. मी पहिली तार छेडत होते आणि पिळत होते दुसरीची खुंटी, अ‍ॅपमधला काटा हलेना म्हणून अजून पिळली, अजून पिळली, आणि ती दुसरी फाट्कन तुटून हातावर बसली. चष्मा होता म्हणून बरं.

रोज वाजवण्याआधी ट्युनिंग, न चुकता. बेसूर गिटारवर बरोबर वाजवलेलं पण चूकच ऐकू येतं आणि मग आपण उगाच बोटं बदलत बसतो.

धरायची कशी

बिनहाताच्या खुर्चीत बसा, गिटारची कंबर उजव्या मांडीवर, मान किंचित वर. वाकून तारा बघायच्या म्हणून गिटार आडवी पाडू नका, सगळेच पाडतात, मग मनगट मुडपतं. डावखुरे असाल तर सगळं उलट, पण त्यासाठी गिटारही डावखुरीच घ्यावी लागते.

डाव्या हाताची नखं अगदी मुळापर्यंत कापा. ह्यात तडजोड नाही, मैत्रिणींनो, मीही तीन आठवडे करून बघितली. बोटाचं टोक उभं टेकवायचं, फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी खेटून पण तिच्यावर नाही. आणि हे एकदा करून बघाच: एका तारेवर बोट नुसतं ठेवा, उजव्या हाताने ती तार वाजवत राहा आणि डाव्या बोटाचा दाब हळूहळू वाढवा. आधी थप्प, मग झर्रर्र, मग स्वच्छ सूर. जिथे स्वच्छ आला तिथे थांबा. तेवढाच दाब लागतो, आपण सगळे त्याच्या दुप्पट-तिप्पट दाबत असतो.

टोकं दुखणार. दोन-तीन आठवड्यांत कातडी टणक होते. भांडी घासून किंवा अंघोळ करून लगेच वाजवू नका, कातडी मऊ झालेली असते, तार आत रुतते. टोक दुखणं ठीक, पण मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखलं तर त्या दिवशी बंद.

आता उजवा हात, आणि हो, कॉर्डच्या आधी

हे मी उशिरा शिकले. पहिले चार महिने मी फक्त कॉर्ड पाठ करत होते, अकरा कॉर्ड यायचे आणि एक गाणं येत नव्हतं. मग सोसायटीच्या गणपतीत शेजारच्या काकूंनी आग्रह केला, "अगं आण की गिटार", आणि मी आरतीला बसले. पहिली ओळ बरी गेली. कॉर्ड बदलायची वेळ आली, मी थांबले, बोटं नीट लावली, मान वर केली तर टाळ्या, झांजा, घंटा, चाळीस माणसं पुढच्या ओळीवर. परत पकडलं, परत बदल, परत थांबले. तिसऱ्यांदा मी गिटार उलटी ठेवून टाळ्या वाजवायला लागले. त्यात एका आजोबांनी विचारलं, "बिघडली का गं?"

गाणारा थांबत नाही. चुकीचा कॉर्ड वाजला तर अर्ध्या लोकांना कळत पण नाही, हात थांबला तर सगळ्यांना कळतं. म्हणून उजवा हात आधी.

तारा डाव्या हाताने हलक्या झाका म्हणजे नुसती खटखट वाजेल, सूर नाही. पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, मऊ घ्या, अर्धा मिलिमीटरच्या आसपास, आणि घट्ट आवळू नका. आता केरवा म्हणा: धा गे ना ती न क धी ना. आठ मात्रा. विषम मात्रांना हात खाली, सम मात्रांना वर. एकला खाली, दोनला वर, तीनला खाली, चारला वर, असं. हात कोपरापासून थोडा आणि मनगटापासून जास्त, एखादं झाडून टाकल्यासारखा. पाच मिनिटं नुसतं हेच. मोबाइलवर तबल्याचं किंवा मेट्रोनोमचं अ‍ॅप लावा, मिनिटाला ६० ठोके, एका ठोक्याला दोन मात्रा.

हे अंगात बसलं की सगळीकडे भरपूर वाजवला जाणारा एक पॅटर्न करा. हात आठही मात्रा तसाच खाली-वर हलत राहणार, फक्त दोन आणि पाच ह्या मात्रांना तारेला स्पर्श करायचा नाही, हवेतून न्यायचा. म्हणजे ऐकू येतं ते असं:

एक – खाली
दोन – हवेत
तीन – खाली
चार – वर
पाच – हवेत
सहा – वर
सात – खाली
आठ – वर

पाचवी मात्रा हवेतून जाताना सगळ्यांचा हात अडतो, कारण तिथे ठोका आहे आणि आवाज नाही. तिथेच तो झोल येतो आणि तोच तर सुंदर लागतो. तोंडाने केरवा म्हणत म्हणत करा, आठवडा लागेल, लागू दे.

दादरा असेल, सहा मात्रांचा, तर सोपं: पहिल्या आणि चौथ्या मात्रेला एक जाड तार, बाकीच्या मात्रांना खालच्या बारीक तारांवर हलका हात. धुम-छक-छक, धुम-छक-छक. भावगीतं, अंगाई, कितीतरी गाणी ह्यात बसतात.

कॉर्ड, ह्याच क्रमाने

बोटांचे नंबर: अंगठ्याशेजारचं १, मधलं २, त्याच्या पुढचं ३, करंगळी ४. "तिसरी तार दुसरा फ्रेट" असं लिहीन तेव्हा तार बारीककडून मोजायची.

ई मायनर: पाचवी आणि चौथी तार, दोन्ही दुसऱ्या फ्रेटवर, बोटं २ आणि ३. सहाही तारा वाजवायच्या. पहिला आठवडा फक्त हा एक कॉर्ड आणि वरचा केरवा. कंटाळा येईल पण हात बसेल.

ए मायनर: चौथी तार दुसरा फ्रेट बोट २, तिसरी तार दुसरा फ्रेट बोट ३, दुसरी तार पहिला फ्रेट बोट १. सहावी तार सोडून वाजवायची.

सी: ए मायनर धरलेला असताना फक्त बोट ३ उचला आणि पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्या. बाकीची दोन बोटं जागची हलवायची नाहीत. ए मायनर ते सी हा बदल म्हणूनच सगळ्यात आधी करायचा, एकच बोट फिरतंय.

जी: सहावी तार तिसरा फ्रेट बोट ३, पाचवी तार दुसरा फ्रेट बोट २, पहिली तार तिसरा फ्रेट करंगळी. करंगळी रडवते. बरेच जण १-२-३ बोटांनी धरतात, चालतं, पण जीवरून सीवर जाताना करंगळीवाला प्रकार पटकन होतो म्हणून मी त्रास सोसून तोच धरला.

डी: तिसरी तार दुसरा फ्रेट बोट १, पहिली तार दुसरा फ्रेट बोट २, दुसरी तार तिसरा फ्रेट बोट ३. फक्त खालच्या चार तारा.

एफ आत्ता नको. त्याऐवजी एफ मेजर सेव्हन: चौथी तार तिसरा फ्रेट बोट ३, तिसरी तार दुसरा फ्रेट बोट २, दुसरी तार पहिला फ्रेट बोट १, पहिली खुली. सी धरून बघा, बोट २ आणि ३ एकेक तार खाली सरकवली की झाला. बहुतेक गाण्यांत कुणाला फरक कळत नाही.

प्रत्येक कॉर्ड धरला की एकेक तार वेगळी वाजवून बघा. एखादी मेली असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा शेजारचं बोट आडवं पडून तिला टेकलेलं असतं. बोट उभं करा, कोपर थोडं पुढे घ्या.

बदल

ऑस्ट्रेलियाचा जस्टिन सँडरको नावाचा मास्तर आहे, त्याचा नवशिक्यांचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे आणि इंग्रजी समजत असेल तर तोच एक धरा, पाच चॅनल धरू नका. त्याच्याकडून घेतलेला एक मिनिटाचा व्यायाम मी अजून करते. दोन कॉर्ड घ्यायचे, मोबाइलवर एक मिनिट लावायचं, आणि किती वेळा बदल झाले ते मोजायचे. फ्रिजवर कागद लावून लिहायचे. माझे सी-जी पहिल्या दिवशी ९ होते. अडीच आठवड्यांनी ३१. तीस झाले की गाण्यात घालायला हरकत नाही, साठ झाले की त्या जोडीकडे बघायची गरज नाही.

आणि ती गोष्ट जिने माझं आरतीतलं रडगाणं संपवलं: आठव्या मात्रेला डावा हात उचला. कॉर्ड सोडा, उजवा हात खाली-वर चालूच, आठवी मात्रा खुल्या तारांवर वाजू दे, आणि तेवढ्या वेळात बोटं पुढच्या कॉर्डवर न्या. कानाला ते खटकत नाही, उलट श्वास घेतल्यासारखं वाटतं, मोठमोठे वादक करतात. आणि एकला बोटं पोचली नाहीत तर? जेवढी पोचली तेवढ्यावर वाजवा. तीन तारा वाजल्या तर तीन. पण एकला हात खाली गेलाच पाहिजे. मी हे जमावं म्हणून काही दिवस डोळे मिटून सराव केला, कारण डोळे उघडे असले की मी थांबून बोटं बघत बसायचे.

गाणी कुठली आणि कॉर्ड कुठून

दोन-तीन कॉर्डची गाणी घ्या, इंटरनेटवर कॉर्ड मिळतात पण निम्मे चुकीचे असतात. पेटीवाल्यांसाठी परत सोपा मार्ग आहे. गाणं शुद्ध स्वरांचं असेल तर सा, म आणि प ह्यांचे मेजर आणि ध, रे, ग ह्यांचे मायनर कॉर्ड बसतात. सा म्हणजे जी धरला तर म सी, प डी, ध ई मायनर, रे ए मायनर. बघा, एफ मेजर सेव्हन सोडला तर आत्ता शिकलेले सगळे आले. राहिला ग चा बी मायनर, तो बार कॉर्ड, पुढे येतोच. ओळ ज्या स्वरावर येऊन थांबते तो स्वर ज्या कॉर्डमध्ये आहे तो लावून बघायचा, नाही पटला तर दुसरा. आरत्या, बालगीतं, बरीचशी सिनेमाची गाणी ह्यातच निघतात.

नाट्यसंगीत आणि रागदारीवरच्या गाण्यांना मात्र उगाच कॉर्ड चिकटवू नका. कोमल रिषभ आला, तीव्र मध्यम आला की कॉर्ड त्या सुराशी भांडायला लागतो आणि गाणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. तिथे मी फक्त सा आणि प च्या तारा तंबोऱ्यासारख्या छेडते. हे माझं मत आहे, कुणी चांगलं हार्मनायझेशन करत असेल तर त्याला नमस्कार.

काळी चार म्हणजे काय आणि कॅपो

आपल्याकडे गाणारा "जी शार्प दे" म्हणत नाही, "काळी चार" म्हणतो. गिटारच्या पुस्तकात हे नसतं म्हणून इथे देतेय. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प.

कॅपो म्हणजे मानेवर लावायचा चिमटा, दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. तो एक फ्रेट वर लावला की सगळं एक पट्टी वर, बोटं तीच. तर:

पांढरी एकपासून पांढरी तीनपर्यंत कुठलीही पट्टी आली तर सीला सा धरून वाजवा. पांढरी एकला कॅपो नाही, काळी एकला पहिल्या फ्रेटवर, पांढरी दोनला दुसऱ्या, काळी दोनला तिसऱ्या, पांढरी तीनला चौथ्या.

पांढरी पाचपासून सातपर्यंत जीला सा धरा. पांढरी पाचला कॅपो नाही, काळी चारला पहिला फ्रेट, पांढरी सहाला दुसरा, काळी पाचला तिसरा, पांढरी सातला चौथा.

मधल्या राहिल्या पांढरी चार आणि काळी तीन, त्यांना सी धरूनच पाचव्या आणि सहाव्या फ्रेटवर लावा.

कॅपो फ्रेटच्या पट्टीला खेटून लावायचा आणि लावल्यावर परत ट्यून करायचं. समोर पेटी असेल तर अ‍ॅप बंद करा, पेटीच्या सुराला गिटार लावा. जुन्या पेट्या थोड्या चढ्या-उतरलेल्या असतात आणि पेटी काही आपल्यासाठी बदलणार नाही.

बार कॉर्ड

बार कॉर्ड म्हणजे पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या. चौथ्या-पाचव्या महिन्यात घ्या. सगळे पहिल्या फ्रेटवरच्या एफपासून सुरू करतात आणि तिथेच बरेच गिटार सोडतात. पहिल्या फ्रेटजवळ नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, असतो, तिथे तार सगळ्यात कडक लागते. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तो ए होतो, तिथे जमला की रोज एकेक फ्रेट खाली या. पहिलं बोट सपाट नाही, किंचित अंगठ्याच्या बाजूला कलतं ठेवायचं, हाडाची बाजू तारांवर. अंगठ्याने चिमटा काढण्यापेक्षा कोपर मागे ओढा, हाताचं वजन लागतं. मला दोन महिने लागले आणि बी मायनर अजून तीन गाण्यांतल्या एकात झणझणतो.

वेळ आणि निगा

रोज २० मिनिटं. रविवारी दोन तास आणि आठवडाभर काही नाही, असं केलं तर बोटं दर रविवारी नव्याने दुखतात. पाच मिनिटं उजवा हात, पाच मिनिटं बदल मोजणं, दहा मिनिटं एखादं गाणं, अडलं तरी न थांबता शेवटपर्यंत. गिटार कव्हरमध्ये ठेवू नका, भिंतीला हुक मारा, समोर दिसली तर हातात घेतली जाते. आठवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी ऐकलं तर फार वाईट वाटतं. आणि दोन महिन्यांनी एखाद्या येणाऱ्या माणसाला एकदा अर्धा तास दाखवा. माझा अंगठा मानेवरून चुकीचा येतोय हे मला कुठल्या व्हिडिओने सांगितलं नव्हतं, भाचीच्या मित्राने दोन मिनिटांत सांगितलं.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, अ‍ॅक्शन वाढते, जुलैत अचानक दुखायला लागलं तर पट्टी लावून बघा. दमट दिवसांत बॅगेत ठेवावी लागली तर आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. कोकणात, मुंबईत तारा लवकर गंजतात, वाजवून झालं की जुन्या सुती बनियनने पुसा. एरवी तीन-चार महिन्यांनी सेट बदला, एकेक तार काढून एकेक लावत, खुंटीवर दोन-तीन वेढे येतील एवढी तार ठेवून. मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवून लग्नाला जाऊ नका, ब्रिज सुटून येतो.

गेल्या गणपतीत परत आरतीला बसले. पेटीवाल्या काकांनी काळी एक म्हणून सांगितलं, कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला, सीला सा धरला, आणि शेवटच्या आरतीपर्यंत सगळं ठीक. मग नेहमीप्रमाणे पोरांनी झांजा हातात घेतल्या आणि लय दुप्पट झाली. अशा वेळी खाली-वर, खाली-वर करत मागे पळायचं नाही, हात आखडतो. हवेतल्या मात्रा, वरचे हात, सगळं सोडून द्यायचं, फक्त एक आणि पाचला खाली. मी तेच केलं, जी धरायला जमला नाही तिथे सीच वाजवला, आणि प्रसाद वाटेपर्यंत हात चालू होता.